भिंतीपलीकडचा आवाज

(अहिल्यानगर येथे झालेल्या कुटुंब मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



कुटुंब मेळाव्यात वक्त्याने काय बोलावे, याचे काही संकेत आता ठरून गेले आहेत. दिवसातून एकदा तरी सर्वांनी एकत्र जेवावे, मुलांना आजीच्या मांडीवर बसू द्यावे, सण सर्वांनी मिळून साजरे करावेत. हे सारे योग्यच आहे आणि मीही ते अनेक व्यासपीठांवरून सांगितले आहे. परंतु संयोजकांनी आज मला जो विषय दिला आहे, तो या संकेतात बसणारा नाही. घरातील वडीलधारी माणसेच मनाने आजारी असतील, व्यसनाधीन असतील, हात उगारणारी असतील, तर त्या घराने काय करावे आणि त्या घरातल्या मुलांचे काय होते, यावर मी बोलावे अशी त्यांची अपेक्षा आहे. विषय हाती आला तेव्हा पहिल्यांदा मनात आले की, नाही म्हणावे. का, ते सांगूनच सुरुवात करतो.

मी तेव्हा पाचवी-सहावीत असेन. या जिल्ह्याच्या उत्तर भागातील एका तालुक्याच्या गावी आम्ही भाड्याच्या घरात राहत होतो. माझे वडील शिक्षक. आमच्या आणि शेजारच्या बिऱ्हाडाच्या मध्ये एकच भिंत होती. शेजारचे काका सरकारी नोकरीत होते. दिवसा पाहावे तर अत्यंत सुस्वभावी, गणेशोत्सवात पुढे होऊन काम करणारे. रात्री मात्र भिंतीपलीकडून आवाज येत. आधी भांड्याचा, मग माणसाचा. दुसऱ्या दिवशी काकू नळावर येत, तेव्हा त्यांच्या हाताला हळद लावलेली असे. "हौदापाशी पाय घसरला," असे त्या सांगत, आणि वाड्यातल्या साऱ्या बायका "जपून हो वहिनी," असे म्हणत. आमच्या वाड्यातला तो हौद एकट्या काकूंसाठीच इतका निसरडा कसा, हा प्रश्न कोणालाही पडला नाही. वडिलांना मी एकदा विचारले. ते म्हणाले, "दुसऱ्याच्या घरात आपण कशाला डोकवायचे?" माझे वडील सज्जन होते. आयुष्यात त्यांनी कोणाचे वाईट चिंतले नाही. म्हणूनच त्यांचे ते वाक्य मला आजही बोचते.

पुढे काकूंचे बोलणे कमी होत गेले. रात्री उठून त्या तीच ती भांडी पुन्हा घासत बसत. कोणी म्हणाले बाहेरचे लागले आहे. मग देवऋषी झाले, उतारे झाले, अंगारे झाले. आम्ही दहावीत असताना काकू गेल्या. त्या कशा गेल्या, याचीही हौदासारखीच एक गोष्ट गावाने तयार केली आणि सर्वांनी ती मान्य केली. त्यांचा मुलगा माझ्या वर्गात होता. त्याच्याविषयी शेवटी बोलेन.

एकाच दोराचे तीन पीळ

त्या एका घरात आजच्या विषयाची तिन्ही अंगे होती. व्यसन, मारहाण आणि मनाचा आजार. आपण या तीन गोष्टी निरनिराळ्या कप्प्यांत ठेवतो. दारू हा चारित्र्याचा प्रश्न, मारहाण हा नवरा-बायकोचा खासगी प्रश्न आणि वेड हा नशिबाचा प्रश्न! प्रत्यक्षात एकाच दोराचे हे तीन पीळ असतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९ ते २०२१ या काळातील पाचव्या फेरीत देशभरातील विवाहित स्त्रियांना याविषयी विचारले गेले. ज्यांचे पती वारंवार दारूच्या नशेत असतात, अशा स्त्रियांपैकी शेकडा सुमारे ७० जणींनी पतीकडून छळ झाल्याचे सांगितले. ज्यांचे पती दारू पीत नाहीत त्यांच्यात हेच प्रमाण शेकडा सुमारे २३ होते. या आकड्यांतून दोन गोष्टी दिसतात. दारूमुळे छळ कितीतरी पटींनी वाढतो, ही पहिली. दुसरी आपण सोयीस्करपणे विसरतो. न पिणाऱ्यांच्या घरीसुद्धा चार-पाच घरांमागे एका घरात हात उगारला जातो. म्हणजे दारू हे कारण असते, तसेच ती पुष्कळदा निमित्तही असते. "पितो म्हणून मारतो, एरवी देवमाणूस आहे," हे समर्थन अर्धेच खरे आहे.

मराठी माणसाला हे नवे नाही. राम गणेश गडकऱ्यांचे 'एकच प्याला' १९१९ साली, त्यांच्या मृत्यूनंतर थोड्याच दिवसांत रंगभूमीवर आले. बुद्धिमान वकील सुधाकर अपमानाच्या एका क्षणी पेला उचलतो आणि त्याचा संसार धुळीला मिळतो. शंभर वर्षे आपण त्या नाटकातील सिंधूच्या पातिव्रत्याला डोळ्यांत पाणी आणून वंदन करीत आलो. पण त्या घरात एक तान्हे मूलही होते आणि त्याचा बळी बापाच्याच हातून गेला, हे आपल्याला किती आठवते? सिंधू अखेरपर्यंत पतीचा अपराध झाकते. प्रेक्षागृहात ते उदात्त वाटते. परंतु आजच्या सिंधूला आपण तोच उपदेश करणार असू, तर त्या मुलाच्या वाट्याला काय येणार, याचाही विचार आपणच करायला हवा.

चौंडीच्या लेकीची वेदना

ज्या थोर स्त्रीचे नाव आपल्या जिल्ह्याला २०२४ साली मिळाले, तिच्या घरीही हे दुःख आले होते. जामखेड तालुक्यातील चौंडी येथे १७२५ साली जन्मलेल्या अहिल्यादेवींचे पती खंडेराव १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पडले. सासरे मल्हारराव १७६६ साली गेले आणि दौलत एकुलत्या एका मुलाकडे, मालेरावांकडे आली. काही महिन्यांतच मालेरावांना वेडाचे झटके येऊ लागले. माळव्याचा इतिहास लिहिणाऱ्या जॉन माल्कम या ब्रिटिश अधिकाऱ्याने ही हकिकत १८२३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात नोंदवली आहे. एका निरपराध कारागिराला मालेरावांनी संशयावरून ठार केले. पुढे सत्य कळले आणि पश्चात्तापाने मन विस्कटले. त्या मृताचे भूत मालेरावांना लागले आहे, असे लोक म्हणू लागले. अहिल्यादेवी रात्रंदिवस मुलाच्या बिछान्याशी बसून राहिल्या. त्या कथित भुताची मनधरणी केली, त्याच्यासाठी देऊळ बांधण्याचे आणि कुटुंबाला जहागीर देण्याचेही कबूल केले. उपयोग झाला नाही. १७६७ साली मालेराव गेले.

यापुढची नोंद मला अधिक महत्त्वाची वाटते. त्या माउलीनेच मुलाला मारवले, अशी कंडी त्या काळी पिकली होती! माल्कमने चौकशी करून ती खोटी ठरवली. राज्य चालवण्याची योग्यता असलेली ती स्त्री, पण मुलाच्या मनाला आजार झाला तर दोष तिच्याच माथी आला. आज तरी वेगळे काय घडते? मुलगा बिघडला तर आईने लाडावला. नवरा पितो तर बायकोने घरात सुख दिले नाही. सून गप्प बसू लागली तर माहेरच्यांनी आधीचे लपवले. आजार शोधण्याआधी आपण अपराधी शोधतो.

अहिल्यादेवींच्या काळी मनोविकारावर औषध नव्हते. आज आहे. तरीही आपल्या जिल्ह्यात गाडी आधी देवऋषाकडे जाते आणि वर्ष-दोन वर्षे घालवून मग डॉक्टरकडे वळते. अंगात आले म्हणून माणसाला मारहाण करणे, साखळदंडाने बांधणे, चटके देणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही मनाई केली आहे. देवाला नवस जरूर बोलावा, श्रद्धेने माणसाला बळ येते. पण गोळी बंद करून अंगारा लावला, तर त्यात देवाचा काय दोष?

मुलांच्या पदरात काय पडते?

आता मुलांकडे वळू. अमेरिकेतील सॅन दिएगो शहरात डॉ. व्हिन्सेंट फेलिटी आणि डॉ. रॉबर्ट आन्दा यांनी सतरा हजारांहून अधिक प्रौढांच्या बालपणाची विचारपूस केली. त्यांचा पहिला निबंध १९९८ साली प्रसिद्ध झाला. घरात कोणी व्यसनी होते का, कोणी मनोरुग्ण होते का, आईला मारहाण होत असे का, असे ते प्रश्न होते. ज्यांच्या बालपणी अशा चार किंवा अधिक गोष्टी होत्या, त्यांना मोठेपणी मद्यासक्ती, नैराश्य आणि आत्मघाताच्या प्रयत्नाचा धोका असा एकही अनुभव नसलेल्यांच्या तुलनेत चार ते बारा पटींनी जास्त आढळला. हृदयविकारासारख्या शरीराच्या व्याधीही त्यांच्यात अधिक होत्या. ज्या मुलाला रोज रात्री भीतीने जागे राहावे लागते, त्याचे शरीरही ती भीती साठवून ठेवते.

अशी मुले ओळखायची कशी? दंगा करणारे मूल लगेच दिसते. परंतु अवेळी शहाणे झालेले मूल कोणाला दिसत नाही. आठ वर्षांची मुलगी धाकट्या भावाचा डबा भरते, वडिलांच्या चपलेच्या आवाजावरून आजची रात्र कशी जाणार हे ओळखते, आईच्या गोळ्यांचा हिशेब ठेवते आणि शाळेत बाईंना "घरी सगळे छान आहे," असे सांगते. आपण तिचे कौतुक करतो, "किती समजूतदार पोर!" त्या समजूतदारपणाची किंमत तिने बालपण देऊन चुकवलेली असते. जिल्ह्याच्या पाथर्डी, जामखेड या भागांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला टोळ्या निघतात. मागे राहिलेली मुले म्हाताऱ्या आजी-आजोबांच्या भरवशावर असतात. त्यांच्यापैकी एखाद्याच्या घरी हे दुःख असेल, तर ते पाहायला घरात धड कर्ते माणूसही उरत नाही.

मात्र निराश होऊ नका. हवाई बेटांपैकी काउआई या बेटावर एमी वर्नर या विदुषीने १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा जन्मापासून प्रौढ वयापर्यंत मागोवा घेतला. त्यांत सुमारे दोनशे मुले अत्यंत कठीण घरांतील होती. दारिद्र्य, भांडणे, व्यसन किंवा आई-वडिलांचा मनोविकार यांनी ती घरे ग्रासलेली होती. या मुलांपैकी एकतृतीयांश मुले सक्षम, प्रेमळ, कर्तबगार माणसे झाली. त्यांना काय लाभले होते? अनेक गोष्टींत एक गोष्ट ठळक होती. निदान एक तरी मोठे माणूस त्यांच्या मागे भक्कम उभे होते. ते आई-वडीलच असले पाहिजेत असे नव्हते. कोणाची आजी होती, कोणाचे गुरुजी, कोणाची शेजारीण. आपल्या आजी, आत्या, मामा, काकूंच्या कुटुंबव्यवस्थेचे बळ इथे आहे. ती व्यवस्था दुःख झाकण्यासाठी वापरायची की मूल तारण्यासाठी, एवढेच ठरवायचे आहे.

येथे आणखी एक गैरसमज दूर करतो. आईला किंवा वडिलांना स्किझोफ्रेनिया असला, तर मुलांनाही तो होणारच, असे मानून स्थळे मोडली जातात. एका पालकाला हा आजार असेल, तर मुलाला तो होण्याची शक्यता शेकडा दहाच्या आसपास असते. म्हणजे शंभरातील नव्वद मुलांना तो होत नाही. त्या नव्वदांना आणि त्या दहांनाही समाजाने वाळीत टाकण्याचे कारण काय?

खांबापासून उपचारापर्यंत

व्यसनाविरुद्धच्या लढ्यात आपला जिल्हा देशाच्या पुढे राहिला, ही अभिमानाची गोष्ट आहे. १९७५ साली सैन्यातून परतलेल्या अण्णा हजारे यांनी पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीत ग्रामस्थांना यादवबाबांच्या मंदिरात एकत्र केले आणि गावातील तिसाहून अधिक दारूभट्ट्या बंद झाल्या. १९८९ साली सरपंच झालेल्या पोपटराव पवारांच्या हिवरे बाजारात नशाबंदी ही गावाच्या पंचसूत्रीचा भाग झाली. निघोजच्या स्त्रियांनी २०१६ साली मतदानाने बाटली आडवी केली. शासनाच्या २००८ च्या आदेशाने हा अधिकार दिला आहे. गावातील एकूण नोंदलेल्या स्त्री मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी कौल दिला, तर दुकान बंद करावे लागते.

परंतु अभिमानाबरोबर आत्मपरीक्षणही हवे. राळेगणला सुरुवातीच्या काळात पिणाऱ्याला खांबाला बांधून फटके मारले जात. हे अण्णांनी स्वतःच सांगितलेले आहे. त्या वेळी गावाला दुसरा मार्ग दिसत नव्हता आणि त्यामागे गावाविषयीची तळमळ होती, हे मी नाकारत नाही. तरीही आज त्याचे अनुकरण करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मद्यासक्ती हा आजार आहे, हे आता वैद्यकशास्त्राने निर्विवादपणे सांगितले आहे. चौकात फटके खाल्लेल्या माणसाचा अपमान शेवटी कोणावर निघतो? घरी गेल्यावर बायकोवर आणि पोरांवर. आणि भट्टी बंद झाल्याने तहान बंद होत नाही. आपल्याच नगर तालुक्यातील पांगरमल येथे फेब्रुवारी २०१७ मध्ये निवडणुकीच्या जेवणावळीत विषारी दारू वाटली गेली आणि अनेकांचे प्राण गेले. त्यांच्यामागे राहिलेल्या बायका-मुलांनी कोणते मतदान केले होते?

वारकऱ्याची माळ घालून दारू सोडलेली माणसे आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिली आहेत. ज्या जिल्ह्यातील नेवाशाला ज्ञानेश्वरी सिद्ध झाली, तिथे माळेचे सामर्थ्य मी वेगळे सांगायला नको. पण एक सावधगिरी आवश्यक आहे. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने एका दिवसात दारू बंद केली, तर दोन-तीन दिवसांत हात थरथरणे, भास होणे, झटके येणे असे प्रकार होतात आणि कधी त्यात जीवही जातो. घरच्यांनी त्याला खोलीत कोंडून ठेवणे धोक्याचे आहे. पहिले काही दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच जावे लागतात. माळ अवश्य घालावी, पण डॉक्टरांचा हात धरून.

पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी 'मुक्तांगण' सुरू केले. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे त्यांच्या पाठीशी होते. पस्तीस दिवसांच्या तेथील उपचारात व्यसनी माणसाइतकाच त्याच्या घराचाही विचार होतो. व्यसनी पुरुषांच्या पत्नींसाठी तेथे 'सहचरी' गट चालतो. तिथे बाईला प्रथम हे कळते की, नवऱ्याचे व्यसन आपल्यामुळे लागलेले नाही आणि ते झाकून, त्याच्या कार्यालयात खोट्या रजा कळवून, त्याची उधारी फेडून ते सुटणारही नाही. आपण प्रेमाने जे पांघरूण घालतो, त्याखाली व्यसन उबेने वाढते.

ज्यांनी दार उघडले

मनोविकाराच्या बाबतीतही दार उघडणारी माणसे आपल्यात झाली. मूळचे धुळ्याकडचे डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडातील कॅल्गरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया झाला. परक्या देशात पत्नीची शुश्रूषा आणि मुलांचे संगोपन त्यांनी बरोबरीने केले. हे दुःख त्यांनी दडवले नाही. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था त्यांच्या पुढाकाराने उभी राहिली आणि रुग्णांचे नातेवाईक एकमेकांशी बोलू लागले. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २००४ सालचा 'देवराई' हा चित्रपटही त्यांच्याच प्रेरणेने झाला. एका घराचे दुःख त्यांनी हजारो घरांचा आधार केले.

आणि आपल्या नगरजवळ शिंगवे येथे डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे हे दांपत्य 'माउली'च्या रूपाने काय करीत आहे, हे ज्यांनी पाहिले नसेल त्यांनी एकदा जाऊन पाहावे. रस्त्यावर बेवारस फिरणाऱ्या मनोरुग्ण स्त्रियांना त्यांनी घर दिले. आज तेथे शेकडो स्त्रिया आहेत, आणि त्यांची मुलेही आहेत. आईला स्वतःचे नाव सांगता येत नाही, पण मूल शाळेत जाते आणि संध्याकाळी आईजवळ येते. या स्त्रिया आकाशातून पडलेल्या नाहीत. त्या कोणाच्या तरी घरच्या मुली, सुना, आया होत्या. एके दिवशी कोणत्या तरी घराने दार लावून घेतले, म्हणून त्या रस्त्यावर आल्या. 'माउली'ला देणगी देताना आपण हाही प्रश्न स्वतःला विचारावा की, आपल्या नात्यातली अशी एखादी स्त्री कोणत्या दाराबाहेर उभी आहे?

आपण काय करावे?

भाषण ऐकून हळहळत घरी जाणे सोपे आहे. म्हणून चार गोष्टी सांगतो.

पहिली, शेजाऱ्याने ऐकून न ऐकल्यासारखे करू नये. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्यानुसार छळ होत असल्याची माहिती कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला देऊ शकतो आणि सद्हेतूने दिलेल्या माहितीबद्दल त्याच्यावर कोणतीही जबाबदारी येत नाही. माझ्या वडिलांच्या काळी हा कायदा नव्हता. आज आपल्याला ती सबब उरलेली नाही. याच कायद्याने स्त्रीला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला आहे. घर तिच्या नावावर नसले तरी तिला रस्त्यावर काढता येत नाही. स्त्रियांसाठी १८१, मुलांसाठी १०९८ आणि तातडीच्या प्रसंगी ११२ हे क्रमांक प्रत्येक घरात ठाऊक असावेत.

दुसरी, आजाराला आजार म्हणावे. बाळंतपणानंतर आई बाळाकडे पाहीनाशी झाली, वडील महिनोन्महिने झोपेविना येरझारा घालू लागले, कोणाला नसलेले आवाज ऐकू येऊ लागले, तर पंचांगाआधी डॉक्टर गाठावा. केंद्र शासनाची 'टेलि-मानस' ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर मराठीत विनामूल्य बोलता येते. उपचारासाठी दाखल झालेल्या आईपासून तीन वर्षांखालील मुलाला सामान्यतः तोडू नये, असेही २०१७ चा कायदा सांगतो. म्हणजे उपचार आणि मातृत्व यांत निवड करण्याची वेळ तिच्यावर येऊ नये.

तिसरी, मुलांना खरे सांगावे. "बाबांना बरे नाही. हा मनाचा आजार आहे. तो तुझ्यामुळे झालेला नाही. त्यांना बरे करणे हे तुझे काम नाही, ते मोठ्यांचे आणि डॉक्टरांचे आहे." एवढी चार वाक्ये मुलाच्या छातीवरचे केवढे ओझे उतरवतात! मूल गप्प असते म्हणजे त्याला काही कळत नाही असे नव्हे. त्याला सारे कळते, आणि सांगितले नाही तर ते स्वतःलाच दोषी धरते.

चौथी गोष्ट गावपातळीवरची आहे. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्याच अल्पशिक्षित स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले आणि मोठी रुग्णालये जे करू शकली नाहीत ते त्या स्त्रियांनी करून दाखवले. मनाच्या आरोग्यासाठीही तसेच करता येईल. प्रत्येक वस्तीत दोन शहाण्या स्त्रिया आणि दोन पुरुष असे असावेत, ज्यांच्यापाशी मनातले बोलता येते आणि ते बाहेर जात नाही. आपण रोज घरोघरी संपर्क करणारी माणसे आहोत. चहा घेताना त्या घरातले मूल गप्प का आहे, हे पाहण्याची नजर आपण कमावली, तर त्या संपर्काचे सार्थक होईल.

"कुटुंब मोडू नये," असे आपण म्हणतो. मीही म्हणतो. परंतु घर टिकवणे म्हणजे मार सहन करणे नव्हे. जिथे जिवाला धोका आहे, तिथे आई आणि मुले काही काळ दुसरीकडे सुरक्षित राहिली, तर कुटुंब मोडत नाही, वाचते. माहेरच्यांनी "दिल्या घरी सुखी राहा," म्हणून तिला परत पाठवण्याआधी एक रात्र तिच्या शेजारी बसावे आणि तिचे ऐकावे.

आता त्या मुलाविषयी सांगतो आणि थांबतो. तो रोज संध्याकाळी दप्तर घेऊन आमच्याकडे अभ्यासाला येई. माझ्या आईने त्याला एक अक्षर कधी विचारले नाही. आमची पाने वाढताना ती एक पान अधिक वाढत असे, इतकेच. काही वर्षांपूर्वी तो मला भेटला. शिक्षक आहे, दोन मुलांचा बाप आहे, दारूला कधी शिवला नाही. तो म्हणाला, "तुमच्याकडचे ते पान होते म्हणून मी राहिलो रे." मला आनंद झाला. पण मग तो क्षणभर थांबून म्हणाला, "फक्त माझ्या आईसाठी कोणी पान मांडले नाही."

बंधू-भगिनींनो, या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही. भिंत अजून तीच आहे. आज रात्री पलीकडून आवाज आला, तर आपल्यापैकी निदान एकाने उठून दार ठोठवावे, एवढीच आपणा सर्वांना हात जोडून विनंती आहे.